बियर किती थंड प्यावी?

प्रश्न: पबमध्ये व्हीट बियर (गव्हाची बियर) प्यायलो तेव्हा केळ्याचा मस्त वास आला होता, तसलीच बाटली घरी आणून फ्रीझरमध्ये तासभर ठेवली तर अगदी पाणचट लागली. बाटलीच खराब होती का? — एक वाचक, पुणे

उत्तर: बाटलीचा दोष नसावा हो, फ्रीझरने घात केला. व्हीट बियरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे तयार होतो, आणि वास म्हणजे बियरमधून उडून नाकापर्यंत पोचणारी द्रव्यं, बियर जितकी गार तितकी ती कमी उडतात, त्यात जीभही गारठलेली असली की गोडवा नीट कळत नाही, मग उरतो तो नुसता गॅसचा चटका. साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट सोनेरी बियर, ४ ते ७ डिग्रीला छान लागते, उन्हाळ्यात तर अजून गार असली तरी चालतं कारण तिथे ताजेपणाच हवा असतो. व्हीट बियर मात्र ७-८ डिग्रीला प्या, स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बियर, त्याहून थोडी कमी गार. इंग्लंडमध्ये कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरवलेली बियर, तळघरातून ११ ते १३ डिग्रीला देतात, लोक तिला गरम बियर म्हणतात पण ती गरम नसतेच, माठातल्या पाण्याहून गारच असते.

आता एक करून बघा. बाटली साध्या फ्रीजमध्ये ठेवा, प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, आणि ग्लास फ्रीझरमध्ये अजिबात नको, त्यावरचा बर्फ बियरमध्ये वितळतो आणि फेसही भलताच येतो. पहिला घोट घेऊन पाच मिनिटं थांबा, मग परत वास घ्या. केळं येईल!