वाचकांचे प्रश्न : घरकुलाचे बदललेले नियम

प्रश्न : 2018 च्या पाहणीत दारात मोटारसायकल आणि घरात फ्रीज दिसला म्हणून आमचं नाव कटलं. घर अजून कुडाचंच आहे. आता काही होईल का?

उत्तर : होऊ शकतं. प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणच्या 2024 ते 2029 या टप्प्यात अपात्रतेचे निकष 13 वरून 10 वर आले. दुचाकी, फ्रीज, लँडलाइन फोन आणि मासेमारीची यांत्रिक होडी आता आड येत नाही. उत्पन्नाची मर्यादा महिना 10,000 वरून 15,000 झाली. ही मर्यादा कुटुंबातल्या कोणाही एकाच्या कमाईला लागते, सगळ्यांची कमाई एकत्र धरून नव्हे. गावोगाव याच ठिकाणी घोळ होतो. दोन भाऊ नऊ-नऊ हजार कमवतात म्हणून कोणी तुम्हाला अपात्र ठरवलं, तर तो निर्णय चुकीचा आहे.

तीनचाकी किंवा चारचाकी गाडी, 50,000 किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, सरकारी नोकरी, प्राप्तिकर, व्यवसाय कर, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत यांपैकी काही असेल तर मात्र नाव बसणार नाही. ‘आवास प्लस 2024’च्या पाहणीत आपली नोंद आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत पाहा. ग्रामसभेत यादी वाचतात त्या दिवशी हजर राहा. नाव गाळलं तर कारण इतिवृत्तात लिहायला लावा, कारण पुढचं अपील त्या कागदावरच उभं राहतं.

प्रश्न : नाव यादीत आहे, पण जागाच नाही.

उत्तर : खऱ्या अर्थाने बेघर तुम्हीच, आणि अडकता सर्वात जास्त तुम्हीच. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी 50,000 मिळत, आता 1 लाखापर्यंत मिळतात. जागा त्याहून स्वस्त पडली तर तेवढीच रक्कम. शेतजमिनीचा तुकडा घेणार असाल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदी-विक्रीवरची बंदी, आडवी येते. 2024 च्या नियमांनी घरकुल लाभार्थ्याला 1,000 चौरस फुटांपर्यंत सवलत दिली आहे, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आधी मंजुरी, मग दस्त. नोटरी करून पैसे देऊन बसलेल्यांचा सातबारा होत नाही आणि अनुदानही मिळत नाही.

प्रश्न : जोतं होऊन दीड महिना झाला, पुढचा हप्ता नाही. बँक म्हणते, आधार लिंक आहे.

उत्तर : खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात यावेत यासाठी ‘एनपीसीआय’ या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे झालेली नोंद वेगळी. मध्यंतरी सिमकार्ड घेताना एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर हप्ता तिकडे गेलेला असू शकतो. बँकेत ‘डीबीटी मॅपिंग कोणत्या बँकेला आहे’ असं विचारा; डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे.

ते ठीक असेल तर फोटो तपासा. मंजुरीच्या वेळी जिथे उभं राहून जागेचा फोटो काढला, तिथलं स्थान ॲपमध्ये नोंदलेलं असतं. नंतर घर शेजारच्या मोकळ्या जागेत सरकवलं, की जोत्याचा फोटो जुळत नाही आणि हप्ता थांबतो. पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला स्थळपाहणीला बोलवा आणि अर्जाची पोच घ्या.

प्रश्न : एकूण हातात किती येतात? दोन खोल्या आणि ओटा काढावा म्हणतो.

उत्तर : सपाट भागात मूळ अनुदान 1,20,000. रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दराने सुमारे 28,000. शौचालयाचे 12,000. राज्याने 2025 मध्ये 50,000 वाढवले, पण त्यातले 15,000 छतावरच्या सौर यंत्रणेसाठी आहेत, भिंतीला धरू नका. मजुरी हवी तर जॉब कार्ड आणि हजेरीपट काम सुरू होण्याआधी काढा. मागाहून निघत नाही. वाळू 5 ब्रासपर्यंत, म्हणजे 500 घनफूट, स्वामित्वधनाशिवाय (सरकारी रॉयल्टी न भरता) मिळते, वाहतूक तुमची.

किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 269 चौरस फूट आहे. आमचा आग्रह असा की आधी तेवढंच पुरं करा. 450 फुटांचं जोतं घातलेली घरं लिंटेलपाशी थांबतात, आणि छत घालून होईपर्यंत शेवटचा हप्ता निघत नाही. ओटा पुढच्या वर्षी घालता येतो.