मित्राचा बीगल गणपतीत आमच्याकडे राहणार आहे, त्याला दिवसभर कसं रमवायचं?

तुम्ही लिहिलंय की मित्र गणपतीला गावी जातोय, त्याचा बीगल जातीचा कुत्रा तुमच्या खारघरच्या फ्लॅटवर राहणार, तर खेळणी कोणती आणू, टीव्ही लावून ठेवू का आणि दमवायला किती पळवू. खेळण्यांचं नंतर बघू. ते पळवायचं वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण यावरून आमच्याकडे अख्ख्या नातेवाइकांत वाद झालेला आहे.

दमवू नका. बीगलला तर नाहीच नाही.

माझे साडू घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतात, त्यांचा बीगल आहे, गोट्या. ते मूळचे देवगडकडचे, गणपतीला गावी जाणं चुकत नाही, आणि त्या दिवसांत निम्मं ठाणं कोकणात असतं त्यामुळे बोर्डिंगवाले एकतर फुल नाहीतर तोंडाला येईल तो रेट सांगतात, मग गोट्या आमच्याकडे पाचपाखाडीला. बरोबर बॅग भरून खेळणी आणि साडूंनी प्रिंट काढून आणलेला चार्ट. सकाळी पळवणे, संध्याकाळी मोकळ्या जागेत बॉल टाकणे, रात्री परत एक राउंड, आणि खाली ठळक अक्षरात, थकलेला कुत्रा शहाणा कुत्रा. साडू वयाने मोठे, तोंडावर काय बोलणार, फ्रिजवर लावला चार्ट.

पाऊस थांबला तसं उपवन तलावावर घेऊन गेलो आणि बॉल टाकला. गोट्याने बॉलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एका ओल्या झाडाच्या बुंध्याला नाक लावून जो उभा राहिला तो हलायलाच तयार नाही. बॉल मीच आणला. त्यात बॉल लाल! कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यात त्यांची गल्लत होते, म्हणजे हिरव्या गवतात लाल बॉल टाकून आपण त्याला काय दाखवतोय कोणास ठाऊक. आणि बॉल परत आणून देणं हे मुळात लॅब्राडॉरचं काम, शिकार केलेला पक्षी उचलून आणायला तयार केलेली जात ती. बीगल सशाचा वासावरून माग काढायला. अमेरिकेत विमानतळावर लोकांच्या बॅगांमधली फळं, मांस वगैरे हुंगून काढायला १९८४ पासून बीगल ठेवलेत, बीगल ब्रिगेडच म्हणतात त्यांना. मुलाकडे आंबे लपवून नेणाऱ्या कित्येक आईवडिलांना या कुत्र्याची ओळख असेल! अशा नाकवाल्या प्राण्याला तुम्ही ट्रेडमिलसारखं पळवणार?

चार्ट फ्रिजवरच राहिला आणि मी माझं सुरू केलं. फिरायला नेलं की घाई नाही, खेचाखेची नाही, जिथे थांबेल तिथे थांबायचं. साडूंच्या सोसायटीत पोडियमवर टाइल्स आणि नकली गवत, तिथे बिचाऱ्याने हुंगायचं तरी काय, फिनेल? आमच्या गल्लीत भाजीवाल्याच्या टोपल्या, डेअरी, मांजरं, गटाराचं झाकण, सगळंच. त्याला आमच्या बिल्डिंगपासून कोपऱ्यापर्यंत जायला एवढा वेळ लागायचा की वॉचमन विचारायचा, साहेब काय हरवलंय का. घरी आला की पाणी पिऊन गप झोपायचा.

ताटलीत जेवण देणं बंद केलं. त्याचंच कोरडं खाणं जुन्या गोधडीच्या घड्यांमध्ये टाकायचं, कधी पार्सलच्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबून त्यात, आणि शोध म्हणायचं. एका जेवणाला अर्धा तास सहज. खेळण्यांच्या बॅगेतलं एक पोकळ रबराचं तेवढं कामाचं निघालं, त्यात लाल भोपळा उकडून आणि साधं दही भरून फ्रीझरला टाकायचं, चाटत बसतो. कुत्री चाटताना शांत होतात, आणि दीड दिवसाच्या विसर्जनाला खाली ढोल सुरू झाले तेव्हा याचाच उपयोग झाला. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, आणि ते रबराचं त्याच्यापुढे. तो पलंगाखाली गेला तर जाऊ दिला, ओढून काढला नाही.

साडू परत आले, गोट्याकडे बघून म्हणाले, पळवलेलं दिसत नाही, सुस्त झालाय. सुस्त! अहो ज्या कुत्र्याने तुमच्याकडे रोज पळून येऊन सोफ्याचा कोपरा आणि दोन चपला खाल्ल्या त्याने आमच्याकडे काही म्हणजे काही कुरतडलं नाही, आणि तुम्ही सुस्त म्हणता. रोज पळवून स्टॅमिना वाढतो, मग उद्या आणखी पळवा, डोकं मात्र रिकामं ते रिकामंच. हे मी म्हटलं, जरा आवाज चढला असेल, बायको म्हणाली जाऊ दे ना, ताईला वाईट वाटतं. फॅमिली ग्रुपवर तो वाद अजून निघतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, लिंक पाठवायला बरी.

टीव्ही लावून ठेवायचं राहिलंच. ढोल-फटाक्यांचा आवाज झाकायला लावा, करमणूक म्हणून गरज नाही. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, तुम्ही दिवसभर रमवायला गेलात तर तोच वैतागेल. व्हिडिओ कॉलही नको. मेहुणी देवगडहून करायची आणि गोट्या नंतर बराच वेळ दाराशी कण्हत बसायचा. त्यापेक्षा मालकाचा न धुतलेला टी-शर्ट मागून घ्या, अंथरुणात टाका. पहिले एक-दोन दिवस नीट जेवला नाही तर घाबरू नका, पण पाणीही पीत नसेल तर डॉक्टर गाठा.

आणि प्रसाद लांब ठेवा. पंचखाद्यात, मोदकात मनुका-बेदाणे असतात, कुत्र्याची किडनी जाऊ शकते. चॉकलेट मोदकही नाहीत, कांदा-लसूणही नाही. त्या रबराच्या खेळण्यात पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना बघा, ते साखरेऐवजी घालतात आणि कुत्र्याला विषारी असतं. पावसात साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका, लेप्टोचं (उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणारा आजार) इंजेक्शन झालंय का मित्राला विचारा, आणि आल्यावर पाय पुसून गोचिडी बघा.

हां, हे सगळं गोट्यावरून सांगतोय, तो चार वर्षांचा आहे. तुमचा जर वर्षाच्या आतला असेल तर थोडं मोकळं खेळणं लागेल, ते मान्य. खाण्याजवळ गेल्यावर गुरगुरत असेल तर गोधडीचा खेळ घरात लहान मूल असताना करू नका. आणि जे लपवाल ते रोजच्या मापातूनच काढा, बीगल खादाड, बघता बघता फुगतात. गोट्याचं वजन थोडं वाढलं होतं, पण ते साडूंना सांगायची गरज नाही.