वाचकांचे प्रश्न : प्रायोजक मिळाला, आता करारात काय लिहायचं?

प्रश्न : एक कंपनी आमच्या शाळेच्या छपरावर ५० किलोवॅटचा सौर संच मोफत बसवून देते आहे. बदल्यात त्यांना प्रवेशद्वारावर नावाची पाटी आणि दहा वर्षं 'ऊर्जा भागीदार' असा उल्लेख हवा आहे. होकार देण्याआधी काय तपासावं?

उत्तर : आधी 'मोफत' म्हणजे काय ते विचारा. संच शाळेच्या मालकीचा होणार, की कंपनीच्याच मालकीचा राहून शाळेला पंधरा-वीस वर्षं ठरलेल्या दराने वीज विकत घ्यावी लागणार? दुसरा प्रकार म्हणजे वीजखरेदी करार. तो वाईट नाही, कित्येकदा फायद्याचाही असतो. पण ते प्रायोजकत्व नव्हे आणि त्यासाठी दारावर पाटी लावायचं काही कारण नाही. तसा करार असेल तर दरवर्षीची दरवाढ, किमान वीज घेण्याची सक्ती आणि मध्येच संच विकत घ्यायचा झाल्यास पडणारी किंमत ही तीन कलमं सगळ्यात आधी वाचा.

संच खरोखरच देणगी असेल तर पुढचा प्रश्न छपराचा. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो भार येतो. छपराला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर संच उभारला तर तो बराच वाढतो, आणि वाऱ्याची ओढ वेगळीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल प्रायोजकाच्या खर्चाने मागा. वॉटरप्रूफिंग पाच-सात वर्षांत पुन्हा करायचंच असेल तर ते आत्ताच उरका. नाहीतर संच उतरवून परत चढवण्याचा खर्च शाळेच्या माथी येतो. ५५० वॅटचे पॅनेल धरले तर ५० किलोवॅटला ९१ लागतात. नुसत्या पॅनेलचं क्षेत्रच २३५ चौरस मीटरच्या आसपास भरतं. सपाट छपरावर ओळींमधलं अंतर आणि सफाईसाठी वाट धरली की ४०० च्या पुढे जातं. टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली तरी त्याच मालिकेतल्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या, इतरांचं उत्पादन घसरू शकतं. म्हणून वर्षभराच्या सावलीचा आराखडा पाहिल्याशिवाय मांडणी मान्य करू नका.

जागेवरच्या उन्हाप्रमाणे एका किलोवॅटमागे वर्षाला ९०० ते १,६०० युनिट मिळतात, म्हणजे तुमच्या संचातून ४५,००० ते ८०,०००. शाळेची खरी अडचण सुट्ट्यांची. जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, देण्याची परवानगी नसेल तर सुट्टीच्या दिवशी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) उत्पादन कापतो आणि ही युनिटं कागदावरच राहतात. शाळेच्या मीटरची वर्षभराची तासागणिक आकडेवारी काढा आणि संचाचा आकार त्यावरून ठरवा. प्रायोजकाला बातमीत मोठा आकडा हवा असतो. शाळेला ३० किलोवॅटच पुरत असेल तर तसं सांगायला लाजू नका. उरलेल्या पैशांत देखभाल होते.

आणि देखभालीवरच असे बहुतेक प्रकल्प अडकतात. पॅनेल २५ वर्षं टिकतात, त्यांची क्षमता दरसाल अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. इन्व्हर्टर मात्र दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो. तुमचा करार दहा वर्षांचा. म्हणजे प्रायोजकाची पाटी उतरते आणि त्याच सुमारास इन्व्हर्टर मान टाकतो. तेव्हा बदलीच्या इन्व्हर्टरची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवून घ्या. सफाई, तपासणी आणि किरकोळ दुरुस्तीला भांडवली खर्चाच्या एक ते दोन टक्के दरवर्षी लागतात, विमा निराळा. हे कोण देणार ते रकमेसकट लिहा. 'देखभालीस सहकार्य केले जाईल' या वाक्याला काहीही अर्थ नाही.

संच ताब्यात घेताना आयईसी ६२४४६-१ या मानकाप्रमाणे चाचण्यांचे कागद मागा : प्रत्येक मालिकेचा व्होल्टेज, इन्सुलेशनचा रोध, अर्थिंग. परफॉर्मन्स रेशो, म्हणजे पडलेल्या उन्हाच्या मानाने जेवढी वीज मिळायला हवी त्यापैकी प्रत्यक्ष मिळालेला हिस्सा, किमान ७५ टक्के राहील अशी हमी घ्या. निरीक्षण पोर्टलचं मुख्य खातं शाळेच्या नावे हवं. ते बसवणाऱ्या ठेकेदाराच्या ईमेलवर असतं, पुढे कोणीतरी वायफायचा पासवर्ड बदलतं, आकडे येणं थांबतं आणि एक मालिका कित्येक महिने बंद पडून राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

शेवटची गोष्ट सहसा कुणी विचारत नाही : या विजेच्या हरितपणाचं श्रेय कोणाचं? त्याची प्रमाणपत्रं कंपनीने स्वतःकडे ठेवली किंवा विकली, तर 'आमची शाळा सौरऊर्जेवर चालते' असं तुम्हाला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. एकाच युनिटवर दोघांचा दावा ही दुहेरी मोजणी झाली. श्रेय शाळेचं, कंपनीचा उल्लेख 'संचाची देणगीदार' एवढाच, असं कलम घाला.

प्रश्न : प्रायोजक म्हणून पुढे आलेली एक कंपनी 'आम्ही १०० टक्के अक्षय ऊर्जा वापरतो' असं सांगते. हे पडताळता येतं का?

उत्तर : येतं. अशा बहुतेक दाव्यांमागे प्रमाणपत्रं असतात. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास, अर्थात १,००० युनिट, अक्षय वीज तयार झाल्याचा दाखला. कंपनी वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढी प्रमाणपत्रं घेते आणि हिशेब जुळवते. प्रत्यक्षात रात्री तिच्या कारखान्यात कोळशाची वीज येत असू शकते. २०१५ मध्ये ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीच्या स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) मार्गदर्शिकेने यासाठीच दोन आकडे देण्याची पद्धत घातली : एक त्या ठिकाणच्या ग्रिडप्रमाणे होणारं उत्सर्जन, दुसरा करार आणि प्रमाणपत्रं धरून. दोन्ही मागा. पहिला मोठा आणि दुसरा शून्य असेल, तर सगळा भार प्रमाणपत्रांवर आहे हे कळतं.

मग विचारा की ती प्रमाणपत्रं कुठल्या प्रकल्पांची. पन्नास वर्षांपूर्वीच्या जलविद्युत केंद्राची स्वस्त प्रमाणपत्रं घेऊन ग्रिडमध्ये नवी वीज फारशी येत नाही. नव्या पवन किंवा सौर प्रकल्पाशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार केला तर त्या कराराच्या भरवशावर प्रकल्पाला कर्ज मिळतं आणि तो उभा राहतो. आरई१०० हा १०० टक्के अक्षय विजेचं वचन देणाऱ्या कंपन्यांचा गट २०१४ पासून आहे. कंपनी त्यात असेल तर तिची प्रगती त्यांच्या वार्षिक अहवालात शोधा. गूगलने २०१७ मध्ये वार्षिक हिशेबाने १०० टक्के गाठले आणि तरीही २०२० मध्ये २०३० पर्यंत दर तासाला, त्या-त्या ग्रिडवरच कार्बनमुक्त वीज वापरण्याचं नवं लक्ष्य जाहीर केलं. वार्षिक बेरीज पुरेशी नाही, याची ही कबुलीच म्हणायची.

प्रश्न : आमच्या धावण्याच्या स्पर्धेला एक तेल कंपनी मोठी रक्कम देऊ करते आहे. 'हरित दौड' असं नाव हवं आहे. घ्यावी का?

उत्तर : पैसे घ्यावेत की नाही हे तुमच्या मंडळाने ठरवायचं, पण ते नाव देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये ब्रिटिश सायकलिंग या संघटनेने शेल या तेल कंपनीशी आठ वर्षांची भागीदारी जाहीर केली तेव्हा सायकलस्वारच पहिल्यांदा चिडले. संग्रहालयांमध्ये दोन्ही उदाहरणं आहेत : टेट या ब्रिटिश कलासंग्रहालयाचं बीपी या तेल कंपनीशी असलेलं नातं २०१७ मध्ये संपलं, तर ब्रिटिश म्युझियमने २०२३ मध्ये त्याच कंपनीकडून दहा वर्षांसाठी ५ कोटी पौंड स्वीकारले.

कंपनीची जाहिरात पाहू नका, भांडवली खर्च पाहा. वार्षिक अहवालात नव्या तेल-वायू क्षेत्रांवर किती आणि स्वच्छ ऊर्जेवर किती, हे बहुधा सापडतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने एचएसबीसी बँकेच्या फलकांवर आक्षेप घेतला, तो फलकावर छापलेल्या गोष्टी खोट्या म्हणून नव्हे. हरित कामं सांगताना प्रदूषक उद्योगांना दिलेलं कर्ज लपवलं म्हणून. करार केलाच तर 'प्रायोजकाचे हवामानविषयक दावे नियामकाने दिशाभूल करणारे ठरवल्यास आयोजक रक्कम परत न करता करार मोडू शकतील' हे कलम टाका. कंपनी त्यावर किती खळखळ करते यातूनही बरंच कळतं.

प्रश्न : महोत्सवासाठी बॅटरी पुरवठादार कंपनी वस्तुरूपात प्रायोजक व्हायला तयार आहे. जनरेटर पूर्ण बंद करता येतील?

उत्तर : बहुधा पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त वेळ नक्की. प्रत्येक मंच, दिवे, स्टॉल, शीतकपाटं यांची यादी करा. सर्वोच्च भार (किलोवॅट) आणि चोवीस तासांची एकूण युनिटं (किलोवॅट-तास) वेगवेगळी काढा. बॅटरी किलोवॅटला पुरते पण किलोवॅट-तासाला कमी पडते, ही नेहमीची फसगत. २०० किलोवॅट-तासांची बॅटरी रात्रीचा २० किलोवॅटचा भार नऊ तास ओढेल, कारण पूर्ण रिकामी होईपर्यंत ती वापरत नाहीत.

महोत्सवात जनरेटर गरजेपेक्षा मोठे मागवले जातात आणि रात्रभर १५-२० टक्के भारावर घरघरत राहतात. ३० टक्क्यांच्या खाली डिझेल नीट जळत नाही, धुराड्यात काजळी आणि ओलं इंधन साचतं, युनिटमागे खप वाढतो. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतोच. त्याऐवजी छोटा जनरेटर ७०-८० टक्के भारावर मोजके तास चालवून बॅटरी भरा आणि बाकीचा वेळ तो बंद ठेवा. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनात २०१८ पासून ३ मेगावॅटची साठवण आहे, काही अंशी निसान लीफ गाड्यांच्या वापरलेल्या बॅटऱ्यांची. निसान आणि ईटन या कंपन्या तिच्यात भागीदार होत्या. पुरवठादाराला दाखवायला हे उदाहरण बरं.

मात्र हिशेबात प्रेक्षकांचा प्रवास धरलात तर जनरेटरपेक्षा तोच मोठा निघण्याची शक्यता जास्त. दुसरा प्रायोजक शोधणार असाल तर बस-रेल्वेच्या भाड्यासाठी शोधा.

प्रश्न : झाडं लावून कार्यक्रम 'कार्बन न्यूट्रल' जाहीर केला तर?

उत्तर : नका करू. २०२२ च्या कतार विश्वचषकाबद्दल फिफाने तसा दावा केला होता. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या जाहिरात आयोगाने तो सिद्ध होत नसल्याचं सांगितलं. युरोपीय संघात भरपाईच्या, म्हणजे दुसरीकडे झाडं लावून वगैरे उत्सर्जन भरून काढल्याच्या, जोरावर उत्पादनाला 'न्यूट्रल' म्हणण्यावर २७ सप्टेंबर २०२६ पासून बंदी लागू होण्याची तारीख ठरलेली आहे. झाडं जरूर लावा, पण फलकावर 'इतके लिटर डिझेल वाचवलं' एवढंच लिहा, आणि बिलं जपून ठेवा.