मूल खोटं बोलतंय हे चेहऱ्यावरून ओळखता येतं का?

फारसं नाही. 2017 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात मोठ्यांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाला. म्हणजे छापा-काट्याहून जेमतेम बरा! ‘नजर चुकवतो म्हणजे खोटं’ हे तर सोडूनच द्या, ओरडा बसेल या भीतीनं खरं बोलणारं मूलही नजर चुकवतं.

लहानगी पकडली जातात ती बोलण्यात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात मुलांना पाठीमागे ठेवलेलं खेळणं बघायचं नाही असं बजावलं होतं. ‘नाही बघितलं’ म्हणणारी बरीच चिमुरडी, ‘मग काय असेल?’ विचारताच खेळण्याचं नाव सांगून मोकळी! सहा-सात वर्षांची मात्र जवळपास निम्मी मुलं बेमालूम सावरून घेतात. त्यामुळे चेहरा वाचण्यापेक्षा शांतपणे पुढचा प्रश्न विचारा.