अँटिकिथेराचं यंत्र: जोडीचं दुसरं का सापडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अँटिकिथेराचं यंत्र (बुडालेल्या जहाजात सापडलेलं, सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणं दाखवणारं दातेरी चाकांचं प्राचीन यंत्र) म्हणजे 2000 वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, आणि तो परग्रहावरच्यांनी किंवा एखाद्या लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने बनवला, असं एका व्हिडिओत सांगितलंय. हे खोटं असेल तर त्याच्या तोडीची दुसरी वस्तू जगात कुठेच का सापडली नाही?

प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्याकडे येतोच, पण आधी यंत्रात काय आहे ते बघू. परग्रहवाल्या गोष्टीचा निकाल तिथेच लागतो.

1900 साली ग्रीसच्या सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा या छोट्या बेटाच्या आडोशाला थांबले होते. वादळ ओसरल्यावर एलियास स्टाडियाटिस नावाचा पाणबुड्या खाली उतरला तो घाबराघुबरा वर आला. तळाशी माणसांच्या आणि घोड्यांच्या प्रेतांचा खच पडलाय, असं तो सांगू लागला. ते पुतळे होते. रोमन काळातलं एक मालवाहू जहाज तिथे सुमारे 45 मीटर खोलीवर बुडालेलं होतं. पुढच्या वर्षभरात ग्रीक सरकारने या पाणबुड्यांकडूनच माल वर काढून घेतला. त्या कामात एकाचा जीव गेला आणि दोघांना कायमचा लकवा झाला. इतक्या खोलीवरून भराभर वर येण्याने शरीराचं काय होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. या शोधाच्या गोष्टी सांगताना त्या तिघांचा उल्लेख सहसा गाळला जातो, म्हणून इथे मुद्दाम केला.

वर आलेल्या मालात हिरवा गंज चढलेलं एक ढेकूळ होतं. मे 1902 मध्ये अथेन्सच्या संग्रहालयात पुरातत्त्वज्ञ वालेरिओस स्टाइस यांना त्यात एक दातेरी चाक दिसलं. आज त्याचे 82 तुकडे आहेत आणि त्यांत 30 चाकं उरली आहेत. 1970 च्या दशकात विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी क्ष-किरणांच्या मदतीने चाकांची जुळणी मांडली. नंतर लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या मायकेल राइट यांनी त्यातल्या चुका दुरुस्त करत बरीच मजल मारली. 2005 मध्ये तर 8 टन वजनाचं स्कॅनिंग यंत्र इंग्लंडहून अथेन्सला आणावं लागलं, कारण तुकडे इतके ठिसूळ आहेत की ते हलवण्यापेक्षा यंत्रच तिकडे नेणं परवडलं. त्या स्कॅनमध्ये आतली चाकं तर दिसलीच, शिवाय गंजाखाली दडलेली हजारो बारीक ग्रीक अक्षरंही वाचता आली.

आता कॉम्प्युटर या शब्दाबद्दल. यात प्रोग्राम नाही, वीज नाही. लाकडी पेटीच्या बाजूला एक दांडा, तो फिरवला की चाकं फिरतात आणि तबकड्यांवरचे काटे सरकतात. गणित सगळं दात्यांच्या संख्येत आहे. 19 सौर वर्षांत 235 चांद्रमास बसतात. हे आपल्याला परकं नाही: 19 गुणिले 12 म्हणजे 228, अधिक 7 अधिकमास, झाले 235. एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात (एखाद्या दिवसाचा फरक पडतो कधीकधी) त्या याच हिशोबाने. या 19 वर्षांत चंद्र राशीचक्राच्या फेऱ्या मारतो 235 अधिक 19, म्हणजे 254. म्हणजे वर्षाचा काटा 19 वेळा फिरला की चंद्राचा काटा 254 वेळा फिरायला हवा. 254 म्हणजे 127 ची दुप्पट आणि 127 ही मूळ संख्या, तिचे भाग पडत नाहीत. मग कारागिराने काय केलं? सरळ 127 दात्यांचं चाक कापलं! हाताने, कानशीने. वर्तुळाचे 127 समान भाग करून बघा एकदा कागदावर, म्हणजे त्या माणसाबद्दल काय वाटतं ते कळेल.

याहून सरस गोष्ट पुढे आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना भरभर चालतो, लांब असताना रेंगाळतो. तिथी कधी 24 तासांहून मोठी आणि कधी बरीच लहान असते ती मुख्यतः यामुळेच. एकसारखं फिरणारं चाक हे दाखवणार कसं? यंत्रात 50 दात्यांची दोन चाकं एकावर एक ठेवली आहेत, पण त्यांचे मध्यबिंदू साधारण 1 मिलिमीटरने हलवलेले आहेत. खालच्या चाकावरची खीळ वरच्या चाकाच्या खाचेत अडकते. खालचं चाक एका गतीने फिरतं, खीळ खाचेत आतबाहेर सरकते, आणि वरचं चाक आपोआप कधी पुढे धावतं, कधी मागे रेंगाळतं. ही जोडी 223 दात्यांच्या एका मोठ्या चाकावर बसवली आहे. ते चाक सुमारे 9 वर्षांत एक फेरी पुरी करतं, कारण चंद्राचा जवळचा बिंदूही तेवढ्याच काळात आकाशात एक फेरी मारतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या आकृतीकडे बघत बसलो होतो.

तेच 223 ग्रहणांनाही लागू पडतात. 223 चांद्रमासांनी, म्हणजे 18 वर्षं आणि 10-11 दिवसांनी, ग्रहणांची साखळी पुन्हा तशीच येते. हे बॅबिलोनच्या निरीक्षकांनी ग्रीकांच्या आधीच हेरलं होतं. फक्त शिल्लक राहतात सुमारे 8 तास, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण दुसरीकडे दिसतं. युरोपपासून भारतापर्यंत दिसलेलं 11 ऑगस्ट 1999 चं सूर्यग्रहण आठवत असेल, त्याच मालिकेतलं पुढचं 21 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेवरून गेलं. यंत्राच्या मागच्या बाजूला सर्पिल तबकडीवर ग्रहणाचे संभाव्य महिने कोरलेत, आणि ते 8 तास मिळवायला वेगळी छोटी तबकडीसुद्धा आहे.

आता परग्रहवासी. या यंत्रात पृथ्वी मध्यभागी आहे. चंद्राच्या गतीचं गणित त्या काळच्या ग्रीक समजुतीप्रमाणे वर्तुळावर वर्तुळ धरून केलंय. महिन्यांची नावं कॉरिंथ या ग्रीक नगरातली आणि त्याच्या वसाहतींतली आहेत. एका तबकडीवर ऑलिंपियासह ग्रीक क्रीडामहोत्सवांची वर्षं आहेत, त्यात डोडोना आणि ऱ्होड्सचे स्थानिक महोत्सवही येतात. ताऱ्यांपलीकडून आलेल्या कोणाला डोडोनाच्या जत्रेचं वर्ष कशाला हवं असेल? आकडे बॅबिलोनचे, भूमिती ग्रीकांची, आणि हात एखाद्या कार्यशाळेत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. हे श्रेय त्या माणसांकडून काढून घेणारे व्हिडिओ पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

मग दुसरं का नाही? कारण यंत्र ब्राँझचं आहे आणि ब्राँझ कधी वाया घालवत नसत. बिघडलं, जुनं झालं, मालक मेला की ते मोडीत जाई, वितळे आणि त्याची भांडी, नाणी, शस्त्रं होत. पुतळ्यांचंही तेच झालं. प्राचीन ग्रीसमध्ये ब्राँझचे हजारो पुतळे उभे होते, आज मोठ्या आकाराचे मोजकेच उरलेत, आणि त्यांतले बरेचसे समुद्रातून वर आलेले आहेत: आर्टेमिसियनचा देव, रियाचेचे दोन योद्धे, आणि याच जहाजातला अँटिकिथेराचा तरुण. बुडालेल्या मालापर्यंत भंगारवाला पोचत नाही. हे यंत्र जमिनीवर राहिलं असतं तर आपल्यापर्यंत आलं नसतं.

आणि ते एकटं नव्हतं याचे लेखी पुरावे आहेत. रोमन वक्ता आणि लेखक सिसरो दोन यंत्रांबद्दल लिहितो. एक ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजचं, त्याचं शहर सिराक्यूज पडल्यावर रोमन सेनापती मार्सेलसने रोमला नेलेलं, आणि दुसरं सिसरोच्याच काळात ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसने केलेलं. सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांची गती ती दाखवत असत, असं तो म्हणतो. जहाजावर सापडलेल्या, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम आणि एफेसस या शहरांच्या नाण्यांवरून ते इ. स. पू. 70 ते 60 च्या सुमारास बुडालं असावं, म्हणजे सिसरोच्या हयातीतच. हे यंत्र समजेपर्यंत बऱ्याच विद्वानांना सिसरोचं वर्णन अतिशयोक्त वाटे. पुढेही विद्या पूर्ण मेली नाही. साध्या दातेरी चाकांचं एक बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातलं) सूर्यघड्याळ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. भारतावर लिहिणारा अल्-बिरुनी 11 व्या शतकाच्या सुमारास चंद्राच्या कला दाखवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचं वर्णन करतो.

एक सावधगिरी. व्हिडिओत दिसणारी चकचकीत सोनेरी मॉडेलं म्हणजे सापडलेली वस्तू नव्हे. मागची बाजू आणि चंद्राचा भाग भक्कम पुराव्यावर उभा आहे. पुढच्या बाजूची ग्रहांची चाकं मात्र जवळजवळ सगळी गेली. 2021 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने मांडलेली त्यांची रचना सुंदर आहे, कोरीव मजकुराशी जुळते, तरी ती रचना आहे, सापडलेला पुरावा नाही. पुढच्या बाजूच्या दिनदर्शिकेच्या कड्याला 365 छिद्रं (सौर वर्षाचे दिवस) होती की 354 (चांद्र वर्षाचे), यावरही वाद आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये संख्याशास्त्राने कौल 354 च्या बाजूने दिला. माझा कलही तिकडेच आहे.

जहाजाच्या जागी अलीकडच्या वर्षांत नव्याने उत्खनन झालं आहे आणि हरवलेला भाग सापडल्याच्या बातम्या मधूनमधून येत राहतात. 2017 मध्ये मिळालेल्या एका ब्राँझच्या चकतीबद्दल अशीच आवई उठली होती. त्या चकतीवर क्ष-किरणांत बैल दिसला, दाते एकही नव्हते. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर फोटोत आधी दाते शोधा.