दहावीनंतर एक वर्ष अमेरिकेच्या शाळेत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत आहे. निकालानंतर ऑगस्टपासून एक वर्ष विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून अमेरिकेला जायचं म्हणते. ते वर्ष अकरावी म्हणून धरलं जाईल का? पुढे तिला नीट द्यायची आहे. – एक पालक, सांगली

धरलं जाईल असं समजून काहीही ठरवू नका. देवाणघेवाणीवर आलेल्या मुलांना बऱ्याच अमेरिकन शाळा डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, देत नाहीत. हाती येतं ते ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय, ग्रेड आणि क्रेडिट लिहिलेला कागद. त्यात अडचण अशी की तिथे विज्ञानाचे विषय साधारण वर्षाला एक असे घेतात. एका वर्षी जीवशास्त्र, पुढच्या वर्षी रसायनशास्त्र, मग भौतिकशास्त्र. आपल्याकडे अकरावी-बारावीत तिन्ही बरोबर चालतात आणि नीटच्या अभ्यासक्रमात अकरावीही असते. परत येऊन थेट बारावीत बसायची वाट कोणी दाखवली, तरी अकरावीचा सगळा पाया उघडा राहतो.

त्यामुळे दहावीनंतर जायचं, पुढच्या जूनमध्ये परत यायचं आणि त्याच दहावीच्या गुणपत्रिकेवर अकरावीला नव्याने प्रवेश घ्यायचा, हाच मार्ग आम्हाला बरा वाटतो. वर्ष मागे पडतं, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातली राहतात. एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर हीच अट असते, आणि बारावी बाहेरून केली की ती तुटते. अभियांत्रिकीला पालकांच्या अधिवासावर वाट निघते, वैद्यकीयला तेवढी सैल नाही.

देवाणघेवाणीवर जाणाऱ्यांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसासाठी कार्यक्रम सुरू होताना वय १५ ते साडेअठरामध्ये हवं आणि बालवाडी सोडून ११ पेक्षा जास्त इयत्ता झालेल्या नसाव्यात. म्हणजे बारावीनंतर ही संधी नाही. दाखला आणि गुणपत्रिकेच्या मूळ प्रती घरीच ठेवा, संस्थेला साक्षांकित प्रती द्या. परत आल्यावर गॅप सर्टिफिकेटचं प्रतिज्ञापत्र करताना ट्रान्स्क्रिप्ट आणि डीएस-२०१९ फॉर्मची (जे-१ व्हिसासाठी संस्था देते तो) प्रत जोडता येते, म्हणून ती जपून ठेवा.

नववी-दहावीच्या गुणपत्रिका पाठवताना शाळेकडून श्रेणींचा तक्ताही जोडून घ्या. आपल्याकडे ३५ ला पास आणि ७५ ला विशेष श्रेणी. तिथे बहुतेक शाळांत ७५ म्हणजे ‘सी’. तक्ता नसेल तर तिथल्या समुपदेशकाला चांगली विद्यार्थिनी जेमतेम वाटते आणि वरच्या पातळीचे विषय तिला मिळत नाहीत.

प्रश्न: मावशी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे राहून मुलाने तिथल्या सरकारी शाळेत चार वर्षं शिकावं, असं एका एजंटने सुचवलं आहे. – एक वाचक, नाशिक

हे होणार नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये एकूण १२ महिनेच शिकता येतं, आणि त्या एका वर्षाचा पूर्ण, सवलत नसलेला खर्च शाळेला भरावा लागतो. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेसाठी तर एफ-१ मिळतच नाही. खासगी शाळेला १२ महिन्यांची मर्यादा नाही, पण फी मोठी. पर्यटक व्हिसावर नेऊन शाळेत घालणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे आणि त्याचा डाग मुलाच्या नावावर पुढे कॉलेजच्या व्हिसालाही राहतो. एजंटला पैसे देण्याआधी शाळेचं नाव काय आणि आय-२० फॉर्म (एफ-१ व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) कोण देणार, एवढे दोनच प्रश्न लेखी विचारा.

प्रश्न: लसींचे कागद काय लागतात? आमच्याकडे लहानपणीचं सरकारी कार्ड आहे. – एक आई, चिपळूण

मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. यादी प्रत्येक राज्याची वेगळी, त्यामुळे यजमान शाळा कळली की तिच्या परिचारिकेकडून यादी मागवा. साधारणपणे गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, कावीळ ‘ब’चे तीन, पोलिओ आणि धनुर्वाताचा मोठ्या मुलांचा बूस्टर विचारतात. बऱ्याच ठिकाणी मेनिंजायटिसची लसही.

आपल्या कार्डावर नेमकं काय कमी असतं ते पाहा. २०१८च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रातल्या शाळांमधून दिलेल्या लसीत गोवर आणि रुबेला होतं, गालगुंड नव्हतं. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. कावीळ ‘ब’ देशभर सरकारी यादीत २०११ला आली. ती लस अजिबात झाली नसेल तर ०, १ आणि ६ महिने असं अंतर लागतं, म्हणून निघण्याच्या सात-आठ महिने आधीच डॉक्टरांकडे जा. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीचा अहवाल बहुतेक राज्यांत चालतो.

आता क्षयाची चाचणी. डाव्या दंडावरच्या बीसीजीमुळे त्वचेवरची मँटू चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, मग छातीचा एक्स-रे आणि धावपळ. त्याऐवजी रक्ताची इग्रा चाचणी मागा. बीसीजीने ती फसत नाही. गोवर किंवा कांजिण्यांची लस घेतली असेल तर क्षयाची चाचणी त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. आणि या दोन्ही लसी एकाच दिवशी नाही घेतल्या, तर त्यांच्यात २८ दिवसांचं अंतर ठेवा.

शेवटी इंग्रजीत तक्ता करून डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. त्यात महिना अक्षरांत लिहा. आपला ०४/०७ तिथे ७ एप्रिल होतो. त्याने दोन डोसांमधलं अंतर कमी दिसलं की डोस बाद.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. यजमान कुटुंब मिळेल का? – एक वाचक, कोल्हापूर

मिळतं, थोडा उशीर लागतो. यजमानांना मोबदला नसतो, ते आपल्या इच्छेने मूल घरात घेतात. म्हणून अर्जातल्या पत्रात काय चालत नाही यापेक्षा काय आवडतं ते आधी लिहा: डाळ-भात, बीन्स, चीज, पास्ता, बटाटा. मग स्पष्ट करा की चिकनच्या पाण्यातलं सूप आणि जिलेटिनची जेली-मार्शमॅलो चालत नाहीत. मांसाचा तुकडा नसला म्हणजे शाकाहारी, असा तिथे समज असतो. शेंगदाण्याची चटणी किंवा चिक्की न्यायची असेल तर घरात कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा. शाळेच्या डब्यात तर नकोच. ताजा कढीपत्ता आणि फळं विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न: अमेरिकन सरकारच्या खर्चाने वर्षभर तिथल्या शाळेत नेणाऱ्या यस (YES) शिष्यवृत्तीवर गेलं की दोन वर्षं अमेरिकेला जाता येत नाही म्हणतात. मग तिथल्या कॉलेजचं काय? – एक विद्यार्थी, पुणे

दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट त्या जे-१ला लागते हे खरं, पण ती एच आणि एल या नोकरीशी संबंधित व्हिसांसाठी आणि ग्रीन कार्डसाठी अडते. कॉलेजच्या एफ-१ व्हिसाला अडत नाही, अर्ज खुशाल करा.