वाचकांचे प्रश्न : नकाशावरचे नाव आणि बोलण्यातले नाव

प्रश्न : कॅनडातील ‘क्वीन शार्लट आयलंड्स’चे नाव बदलून ‘हायडा ग्वाय’ केल्याचे वाचनात आले. मूळ नाव नकाशावर छापल्याने मूलनिवासींची भाषा खरोखर टिकते का? आणि अशी नावे गोळा कशी करतात?

उत्तर : नुसते छापल्याने भाषा टिकत नाही. ‘क्वीन शार्लट’ हे नाव जॉर्ज डिक्सन या ब्रिटिश कप्तानाने १७८७ मध्ये आपल्या जहाजाच्या नावावरून दिले होते. २०१० मध्ये ‘हायडा ग्वाय’, म्हणजे हायडा लोकांची बेटे, हे नाव अधिकृत झाले आणि हायडा लोकांनी जुने नाव एका पारंपरिक लाकडी पेटीत ठेवून ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारला सन्मानाने परत केले. सोहळा अर्थपूर्ण होता. परंतु हायडा ही ज्यांची मातृभाषा आहे असे लोक तेव्हाही मोजकेच, आणि बहुतेक वयोवृद्ध होते.

तरीही स्थळनावांची नोंद भाषेच्या दृष्टीने मोलाची ठरते, कारण पुष्कळ भाषांत नाव हे केवळ लेबल नसून जवळजवळ एक वाक्यच असते. ॲरिझोनातील सिबिक्यू येथे मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी वेस्टर्न अपाची या मूलनिवासी जमातीतील जाणकारांबरोबर हिंडून जवळजवळ ३०० नावे नोंदवली. त्यांतील एकाचा अर्थ ‘एकापाठोपाठच्या सपाट खडकांवरून पाणी खाली वाहते’ असा आहे. अशा नावात क्रियापद असते, आणि पाहणारा कोठे उभा आहे हेही त्यातून कळते. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइत हिच्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ माशांची जागा’ असा आहे. १९८७ पर्यंत नकाशावर तिला ‘फ्रोबिशर बे’ म्हणत, आणि त्या नावातून एका इंग्रज दर्यावर्दीपलीकडे काहीच कळत नसे.

नावे गोळा करताना वडीलधाऱ्यांपुढे मोठा नकाशा पसरून बसणे ही सुरुवात झाली. खरी नावे आठवतात ती होडीतून किंवा पायी त्या जागेजवळ गेल्यावर, कारण आठवण वाटेच्या क्रमाने उलगडत जाते. म्हणून उच्चार ध्वनिमुद्रित करतात, अर्थ व आख्यायिका लिहून घेतात, अक्षांश-रेखांश नोंदवतात आणि दुसऱ्या जाणकारांकडून पडताळणी करून घेतात. एकाच जागेची दोन नावे निघाली, तर त्यांतले एक खोडून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. पुढची अडचण तांत्रिक आहे : संगणकीय नकाशाला बिंदू, रेषा किंवा ठरावीक हद्द लागते, पण नाव कधी एखाद्या सागरी प्रवाहाचे असते, तर कधी ठरावीक ऋतूतच धरणाऱ्या बर्फाचे. लिपीचीही काळजी घ्यावी लागते. न्यूझीलंडच्या मूलनिवासींच्या माओरी भाषेत ‘मतुआ’ म्हणजे पालक, आणि पहिला स्वर दीर्घ केला की तोच शब्द अनेकवचनी होतो; ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक जपणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको, पण जुन्या संगणकप्रणाली ही दीर्घत्वाची खूण सर्रास गाळत असत.

जोडनावांचा मार्गही काही ठिकाणी पत्करला गेला. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध प्रचंड खडकाचे १९९३ मध्ये ‘एअर्स रॉक / उलुरू’ असे इंग्रजी व मूळ नाव जोडून नामकरण झाले आणि २००२ मध्ये क्रम उलटवून उलुरू आधी आले. मला ही तडजोड अपुरी वाटते, परंतु लोकांची जीभ वळायला तिने वेळ दिला, हे मान्य करायला हवे.

प्रश्न : मग ही सगळी माहिती सर्वांसाठी खुली का करत नाहीत?

उत्तर : काही नावे दफनस्थळांची, पवित्र जागांची किंवा औषधी वनस्पतींच्या ठिकाणांची असतात; ती उघड झाली की तेथे चोर आणि हौशी पर्यटक दोघेही पोहोचतात. शिवाय अशा नोंदी जमिनीच्या हक्काशी जोडलेल्या असतात : कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेलगामूक निकालात मौखिक इतिहास पुरावा म्हणून विचारात घेतलाच पाहिजे, असे स्पष्ट केले. म्हणूनच तेथील ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणवणारे मूलनिवासी समुदाय आपल्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापराची परवानगी आणि ताबा आपल्याकडेच असावा असा आग्रह धरतात. व्यवहारात याचा अर्थ असा की एकाच नकाशाच्या दोन प्रती निघतात, एक सर्वांसाठी आणि एक फक्त समुदायासाठी. कोणते नाव कोणत्या प्रतीत जाईल, हे नकाशाकाराने ठरवायचे नसते.